घर माझं, जिना कुणाचा?

जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी. शहराच्या कडेला सोव्हिएत काळात बांधलेल्या आठ-नऊ, क्वचित सोळा मजली इमारतींच्या रांगा. यातल्या एखाद्या इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरलं, की मजल्यांच्या बटणांशेजारी एक छोटी लोखंडी पेटी दिसते. पेटीला फट असते. फटीत नाणं टाकलं तर लिफ्ट हलते, नाही तर जागची हलत नाही. खिशात सुटे पैसे नसतील तर जिने चढायचे. अलीकडे बऱ्याच ठिकाणी नाण्याऐवजी कार्ड आलं आहे, पण हिशोब तोच: जो वापरेल तो भरेल.

परक्या माणसाला याची गंमत वाटते. खरं तर ही पेटी म्हणजे एका भांडणातून निघालेली तडजोड आहे. 1990 च्या दशकात या इमारतींमधली घरं सरकारने राहत्या कुटुंबांच्या नावावर जवळजवळ फुकट करून दिली. घरांना मालक मिळाले. लिफ्ट, जिना, गच्ची आणि पाइप मात्र बेवारस राहिले. तळमजल्यावरचा म्हणणार, मला लिफ्ट लागत नाही, मी पैसे का देऊ? नवव्या मजल्यावरचा म्हणणार, सगळा खर्च मी एकट्याने का सोसू? पूर्वी हे सगळं सरकार बघून घ्यायचं. आता बघणारं कुणी नव्हतं.

1989 ते 1991 या तीन वर्षांत एल्ब नदीपासून प्रशांत महासागराच्या किनाऱ्यापर्यंत केंद्रीय नियोजनाची अर्थव्यवस्था कोसळली. त्यात सत्ता कशा उलथल्या, चलनं कशी घसरली, कारखाने कुणाच्या घशात गेले, यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. शहरांविषयी त्या मानाने कमी. सरकार एका रात्रीत बदलतं, शहराला तसं बदलता येत नाही. भिंती, नळ, रस्ते, कारखाने जिथे होते तिथेच राहतात. एका व्यवस्थेच्या हिशोबाने बांधलेल्या शहरांना दुसऱ्या व्यवस्थेत संसार मांडावा लागला. काहींना तो जमला, काहींना अजून जमतो आहे.

भाव नसलेली जमीन

नियोजित अर्थव्यवस्थेतलं शहर समजून घ्यायचं तर एक गोष्ट आधी ध्यानात घ्यायला हवी. तिथे जमिनीला भाव नव्हता. सोव्हिएत संघात सगळी जमीन सरकारच्या मालकीची होती. ती विकत घेता येत नव्हती, विकताही येत नव्हती. कुठे काय उभं राहणार, हे गॉस्प्लान या नियोजन मंडळाकडून खाली येणाऱ्या आकड्यांवर आणि प्रत्येक मंत्रालयाच्या वजनावर ठरायचं.

बाजारातल्या शहरात मोक्याच्या जागी कारखाना असला आणि भोवतालचे भाव वाढले, की ही जागा विकून कारखाना गावाबाहेर न्यावा असं मालकाच्या मनात कधी ना कधी येतंच. सोव्हिएत कारखान्याच्या संचालकाच्या मनात असं काही येण्याचं कारणच नव्हतं. जागा सोडून त्याच्या हाती काही पडणार नव्हतं. उलट, उद्या उत्पादनाचं लक्ष्य वाढवून मिळालं तर अडायला नको म्हणून जास्तीची जागा अडवून ठेवणं त्याच्या सोयीचं होतं. म्हणून कारखाना एकदा बसला की कायमचा बसला. आलँ बर्तो आणि बर्त्राँ रेनो या दोन अभ्यासकांनी 1990 च्या दशकात जागतिक बँकेसाठी या शहरांचा अभ्यास केला. मॉस्कोच्या बांधीव क्षेत्रापैकी जवळजवळ एक तृतीयांश जागा उद्योगांनी व्यापलेली आहे, असं त्यांना आढळलं. पॅरिसमध्ये हे प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपास होतं.

घरांची तऱ्हा आणखी वेगळी. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशात लाखो कुटुंबं एका घरात तीन-चार बिऱ्हाडं करून, एका स्वयंपाकघरात चुली मांडून राहत होती. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्या सरकारने नोव्हेंबर 1955 मध्ये हुकूम काढून बांधकामातली नक्षी, खांब, कमानी, सगळा डामडौल बंद केला. जुलै 1957 मध्ये घरबांधणीचा मोठा कार्यक्रम जाहीर झाला. भिंती कारखान्यात ओतायच्या, खिडकीच्या चौकटीसकट ट्रकवर लादून आणायच्या आणि क्रेनने एकमेकींना जोडायच्या. इमारत पाच मजल्यांची, कारण तेवढ्या उंचीपर्यंत लिफ्ट न देता भागत होतं. स्वयंपाकघर सहा चौरस मीटरच्या आत-बाहेर. लोकांनी या इमारतींना ‘ख्रुश्चोव्का’ म्हणायला सुरुवात केली. आज त्यांची टिंगल होते, पण पहिल्यांदाच स्वतःच्या दाराला आतून कडी लावून झोपलेल्या कुटुंबासाठी ती चैन होती.

पुढे इमारती उंच होत गेल्या, आणि त्या शहराबाहेरच्या मोकळ्या माळावर उठत गेल्या. जुनी वस्ती पाडून बांधण्यापेक्षा माळावर क्रेन उभी करणं सोपं, आणि मध्यावरची जागा काय नि माळावरची काय, दोन्हींची किंमत शून्य. परिणामी मॉस्कोत एक उफराटा प्रकार घडला. जगभर शहराच्या मध्याकडे जावं तशी वस्ती दाट होत जाते, मॉस्कोत ती बाहेर जावं तशी दाट होत गेली. मध्ये गंजके कारखाने आणि रेल्वेचे यार्ड, भोवती दूरवर उंच इमारतींचं कडं. त्या कड्यातल्या माणसांना रोज लांबून कामावर आणायचं आणि तितक्याच लांबच्या पाइपांतून त्यांच्या घरी ऊब पोचवायची, असा दुहेरी भुर्दंड शहर भरत राहिलं.

या शहराचा आणखी एक आधार म्हणजे कारखाना. तो फक्त पगार देत नसे. पाळणाघर, दवाखाना, क्रीडागृह, उन्हाळी शिबिरं, राहतं घर, सगळं त्याच्याकडून मिळायचं. अनेक गावांत तर घराघरांत जाणारं गरम पाणी कारखान्याच्याच बॉयलरमधून यायचं. कारखाना बंद पडला की गावाचं काय होणार, हे एवढ्यावरून ओळखता येईल.

फुटपाथवर भरलेला बाजार

पोलंडने 1 जानेवारी 1990 ला आणि रशियाने 2 जानेवारी 1992 ला बहुतेक किमती मोकळ्या सोडल्या. रशियात महागाई इतकी भडकली की आयुष्यभराची बचत काही महिन्यांत मातीमोल झाली. त्याच जानेवारीच्या 29 तारखेला रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी एक फर्मान काढलं: कुणीही, जवळजवळ कुठेही, परवान्याशिवाय वस्तू विकू शकतो. मॉस्कोच्या चौकांत आणि मेट्रोच्या दारांशी माणसांच्या रांगा उभ्या राहिल्या. कुणाच्या हातात बुटांचा जोड, कुणाकडे घरातला चहाचा सेट, कुणाकडे दोन बरण्या लोणचं.

नियोजित शहरांत दुकानं मोजकीच होती, कारण दुकानांचा कोटाही वरूनच ठरत असे. आता दुकानं हवी होती पण गाळे नव्हते. मग लोकांनी मिळेल त्या जागेत दुकान थाटलं. बल्गेरियाच्या सोफियामध्ये इमारतींच्या तळघरांच्या खिडक्या फुटपाथच्या लगत, पावलांच्या उंचीवर असतात. लोकांनी आपल्या तळघरातच दुकान मांडलं आणि त्या खिडकीतून विक्री सुरू केली. गिऱ्हाईकाने उकिडवं बसायचं, आत वाकून सिगारेट किंवा बिअर मागायची. अशी काही दुकानं तिथे आजही आहेत. इतर शहरांत तळमजल्यावरच्या घरांच्या खिडक्या फोडून दारं काढली गेली, बाहेर दोन पायऱ्या टेकवल्या गेल्या आणि बैठकीच्या खोलीचं केशकर्तनालय किंवा औषधाचं दुकान झालं.

वॉर्साचं उदाहरण सगळ्यांत भव्य म्हणावं लागेल. 1955 साली साम्यवादी राजवटीच्या दशकपूर्तीनिमित्त बांधलेलं तिथलं प्रचंड स्टेडियम ओस पडलं होतं. 1989 नंतर त्याच्या कडांवर आणि पायऱ्यांवर बाजार भरू लागला. शेजारच्या देशांतून पिशव्या भरून आलेले फिरते विक्रेते आणि साम्यवादी काळात शिक्षणासाठी-कामासाठी आलेले व्हिएतनामी यांनी तो भरभराटीला आणला. युरोपातल्या सर्वांत मोठ्या उघड्या बाजारांत त्याची गणना झाली. पुढे 2012 च्या युरोपीय फुटबॉल स्पर्धेसाठी तो उठवून तिथे नवं राष्ट्रीय स्टेडियम बांधलं गेलं.

हा सगळा पसारा नियोजनकारांच्या डोळ्यांत खुपत होता. पण नोकऱ्या गेलेल्या लाखो माणसांना त्या वर्षांत याच पसाऱ्याने जगवलं.

फुकट मिळालेलं घर

दुसरा प्रश्न घरांचा. बहुतेक देशांनी त्याला सोपं उत्तर दिलं: जो राहतो त्याला देऊन टाका. रशियाने 1991 च्या कायद्याने राहत्या भाडेकरूंच्या नावावर घर मोफत करून देण्याची वाट उघडली. त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवत 2017 मध्ये ती कायमचीच काढून टाकली. अल्बानियाने 1993 च्या अखेरपर्यंत जवळजवळ सगळी सरकारी घरं वाटून टाकली. रुमानियात आज सुमारे 95 टक्के लोक स्वतःच्या मालकीच्या घरात राहतात, युरोपीय संघातलं हे सर्वाधिक प्रमाण. श्रीमंत जर्मनीत ते निम्म्याच्या आसपास आहे.

सरकारांनी हे औदार्य दाखवलं त्यामागे दोन हेतू होते. महागाईत होरपळणाऱ्या जनतेच्या हाती काहीतरी ठोस पडावं आणि असंतोष निवावा, हा एक. दुसरा कुणी बोलून दाखवला नाही. चाळीस वर्षं नीट निगा न राखलेल्या इमारतींच्या दुरुस्तीचा बोजा सरकारच्या डोक्यावरून अलगद उतरला. ज्या निवृत्त शिक्षिकेला घर मिळालं, तिच्या पेन्शनमधून गच्चीची गळती कशी बंद होणार, हे कुणी विचारलं नाही.

जिथे जुन्या मालकांचा हक्क मान्य झाला, तिथे गुंता वेगळाच निघाला. चेकोस्लोव्हाकियाने 1990 नंतर कायदे करून राष्ट्रीयीकरण झालेल्या इमारती मूळ मालकांना किंवा त्यांच्या वारसांना परत केल्या. प्रागच्या जुन्या भागातल्या देखण्या इमारती त्यामुळे लवकर सावरल्या, पण तिथल्या भाडेकरूंना आणि छोट्या दुकानदारांना हळूहळू जागा सोडाव्या लागल्या. वॉर्सामध्ये तर युद्धानंतर, 1945 च्या हुकमाने, शहरातली सगळी जमीन पालिकेची झाली होती. 1989 नंतर पोलंडने ती परत करण्याचा सर्वसमावेशक कायदा केलाच नाही. एकेक प्रकरण न्यायालयातून आणि पालिकेच्या टेबलांवरून निघत राहिलं. वारसांकडून जुने दावे कवडीमोलाने विकत घ्यायचे, इमारत ताब्यात घ्यायची आणि भाडेकरूंना हैराण करून बाहेर काढायचं, असा धंदाच उभा राहिला. भाडेकरूंच्या बाजूने लढणाऱ्या योलांता ब्झेस्का यांचा जळालेला मृतदेह मार्च 2011 मध्ये शहराच्या कडेच्या जंगलात सापडला. पुढे 2016 मध्ये जमिनींच्या या व्यवहारांवरून वॉर्साचं राजकारण ढवळून निघालं.

एकाच नळीवरचे नऊ मजले

आता पुन्हा त्या बेवारस जिन्याकडे आणि पाइपांकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे.

थंड प्रदेशात घर तापवणं ही चैन नसते. सोव्हिएत शहरांत एका मोठ्या बॉयलरमधून गरम पाणी सबंध वस्तीत फिरवलं जायचं. इमारतीत ते एका उभ्या नळीतून, प्रत्येक मजल्यावरच्या हिटरमधून जात जात खाली किंवा वर जायचं. हिटरला तोटी नाही, मीटर नाही. उष्णता कमी-जास्त करायची तर खिडकीच्या वरचं छोटं तावदान उघडायचं. बाहेर उणे वीस तापमान आणि माणूस घामाघूम होऊन तावदान उघडून बसला आहे, हे तिथलं नेहमीचं दृश्य. ऊब जवळजवळ फुकट होती तोवर कुणाचंच बिघडत नव्हतं.

इंधनाला बाजारभाव लागला आणि या नळीने सगळ्यांना कोंडीत पकडलं. चौथ्या मजल्यावरच्याने पैसे भरले नाहीत म्हणून त्याचा पुरवठा तोडायचा, तर नळी एकच असल्यामुळे नऊही मजले गारठणार. कुणी किती ऊब वापरली हे मोजताही येत नाही. भरणारे आणि न भरणारे एकाच नळीला बांधलेले.

जिथे सरकारच खिळखिळं झालं, तिथे ही यंत्रणा पार मोडली. आर्मेनियात 1988 च्या भूकंपानंतर अणुवीज प्रकल्प बंद केलेला होता. त्यात अझरबैजानशी युद्ध आणि नाकेबंदी. 1992 ते 1995 च्या हिवाळ्यांत राजधानी येरेवानमध्ये दिवसाला तास-दोन तास वीज मिळायची. लोकांनी बागांमधली झाडं तोडून घरात शेगड्या पेटवल्या. इमारतींच्या खिडक्यांतून धुराडी बाहेर आली. तिबिलिसीतही असंच झालं. तिथल्या लोकांनी आणखी एक उद्योग केला. इमारतीला बाहेरून लोखंडी सांगाडे लावून त्यांनी आपापली गॅलरी पुढे वाढवली, मग ती आत घेतली, मग तिथे खोली काढली. दुसऱ्या मजल्यावरच्याने वाढवलं की तिसऱ्यावरच्याला आयता आधार. मुख्य इमारतीला बाहेरून चिकटलेले असे खोल्यांचे मनोरे तिथे आजही दिसतात. कुटुंबं वाढली, पण इमारतीचा भार कोण मोजणार होतं?

एस्टोनियाने या कोंडीतून वाट काढली. घरं तिथेही वाटली गेली, पण 1990 च्या दशकाच्या मध्यापासूनच इमारतीतल्या मालकांनी मिळून संघ काढावेत यासाठी कायद्याचा आधार दिला गेला. कर्ज एकेका मालकाने न काढता संघाने काढायचं, इमारतीच्या बाहेरून उष्णतारोधक थर द्यायचा, पाइप बदलायचे, प्रत्येक हिटरला तोटी बसवायची. 2010 पासून सरकारने कार्बन उत्सर्जनाचे शिल्लक हक्क परदेशांना विकून आलेला पैसा या कामाकडे वळवला. दुरुस्ती जितकी समग्र तितकं अनुदान जास्त, 15 टक्क्यांपासून 35 टक्क्यांपर्यंत. 2018 पासून तर प्रत्येक बहुमजली निवासी इमारतीत असा संघ कायद्यानेच आपोआप अस्तित्वात आला. राजधानी टाल्लिनमधल्या लास्नामे या अवाढव्य सोव्हिएत वसाहतीत आज रंगरूप पालटलेल्या इमारती आणि करड्या, ओल आलेल्या इमारती शेजारी शेजारी दिसतात. दोन्ही एकाच कारखान्यातल्या भिंतींच्या. ज्यांच्या मालकांनी एकत्र बसून निर्णय घेतला त्या सावरल्या.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही, कारण 1960 चा सहकारी संस्था कायदा आणि 1963 चा सदनिका-मालकीचा ‘मोफा’ कायदा यांनी आपल्याकडे सोसायटी, मेंटेनन्स, सिंकिंग फंड हे शब्द घरोघरी पोचवले. पूर्व युरोपातल्या लोकांना घरं आधी मिळाली आणि सोसायटी नंतर, कुठे तर अजूनही मिळालेली नाही. चाळीस वर्षं सरकारने सक्तीने सगळं ‘सामूहिक’ केल्यामुळे लोकांना त्या कल्पनेचाच वीट आला होता. संघ म्हटलं की जुन्या पक्षाच्या बैठका आठवत. स्वतःच्या घरात उंची फरश्या आणि दाराबाहेर अंधारा, प्लास्टर निखळलेला जिना, असं चित्र अनेक देशांत दिसतं, ते यातूनच आलेलं आहे.

माणसं निघून गेलेलं शहर

पूर्व जर्मनीची शहरं या सगळ्यांत नशीबवान मानली गेली, कारण त्यांच्या पाठीशी पश्चिम जर्मनीची तिजोरी होती. पण लाइपझिगची कहाणी पाहिली की पैसा असूनही काय काय अडतं ते कळतं.

ऑक्टोबर 1989 मध्ये याच शहरात सत्तर हजार माणसं रस्त्यावर उतरली आणि राजवट हादरली. पुढच्याच महिन्यात पूर्व जर्मन दूरचित्रवाणीवर लाइपझिगच्या पडक्या इमारतींवरचा एक माहितीपट दाखवला गेला. शहर अजून वाचवता येईल का, हाच त्याचा प्रश्न होता. 1 जुलै 1990 ला पूर्वेचे पगार एकास एक दराने पश्चिमेच्या मार्कमध्ये बदलले गेले. लोक खूश झाले, पण कारखान्यांचा माल एका रात्रीत महाग झाला, आणि तो घेणारे पूर्व युरोपीय देश स्वतःच कफल्लक होते. सुमारे 8,500 सरकारी उद्योग आणि त्यांतले 40 लाख कामगार ट्रॉयहांड या संस्थेकडे सोपवले गेले. 1994 च्या अखेरीपर्यंत तिने ते विकले, तोडले किंवा बंद केले. लाइपझिगच्या कारखान्यांतला रोजगार काही वर्षांत जवळजवळ नाहीसा झाला. 1930 च्या दशकात 7 लाखांवर असलेली लोकवस्ती 1989 मध्ये 5.3 लाख होती. 1998 पर्यंत ती 4.4 लाखांवर आली.

गंमत म्हणजे त्याच वर्षांत बांधकाम जोरात होतं. पूर्वेत गुंतवणूक करणाऱ्यांना सरकारने घसघशीत करसवलत दिली होती. पण शहरातल्या जुन्या इमारतींवर मूळ मालकांचे दावे पडून होते आणि निकाल लागेपर्यंत त्यांना हात लावता येत नव्हता. म्हणून पैसा शहराबाहेरच्या शेतांत गेला. तिथे नवी घरं आणि मॉल उभे राहिले, उरलेसुरले लोक तिकडे राहायला गेले. 2000 च्या सुमाराला लाइपझिगमध्ये जवळजवळ 60,000 घरं रिकामी होती, म्हणजे पाचातलं एक. माणसं कमी झाली की गटारंसुद्धा चालेनाशी होतात, हेही पूर्व जर्मनीच्या शहरांना तेव्हा कळलं. पाण्याचा ओघ पुरेसा नसल्यामुळे मैला नळांत साचतो आणि मुद्दाम पाणी सोडून नळ धुवावे लागतात.

2002 मध्ये जर्मन सरकारने थेट इमारती पाडायला पैसे देण्याची योजना आणली. पुढच्या दहा-बारा वर्षांत पूर्वेत सुमारे 3 लाख घरं पाडली गेली. एकेकाळी सुमारे 85,000 रहिवासी असलेल्या लाइपझिगच्या ग्रुनाऊ वसाहतीतली वस्ती निम्म्यावर आली. शहरातल्या जुन्या देखण्या इमारतींसाठी मात्र 2004 मध्ये नागरिकांच्या एका संस्थेने साधी युक्ती काढली. मालकाने पडीक इमारत काही वर्षांसाठी तरुण कलाकारांना, संस्थांना, छोट्या उद्योगांना द्यायची. भाडं नाही, फक्त वीज-पाण्याचा खर्च. राहणाऱ्याने इमारत गळू द्यायची नाही, चोरी होऊ द्यायची नाही, जमेल तशी डागडुजी करायची. मालकाची इमारत वाचली, तरुणांना फुकट जागा मिळाली. 1884 साली सुरू झालेली तिथली सूतगिरणी एकेकाळी युरोपातल्या सर्वांत मोठ्या गिरण्यांपैकी एक होती. ती बंद पडल्यावर तिच्या खोल्यांत चित्रकार शिरले. निओ राऊख यांच्यासारखा जगप्रसिद्ध चित्रकार तिथेच काम करतो. त्याच सुमारास पोर्शे, बीएमडब्ल्यू आणि डीएचएलही आले. 2019 मध्ये शहराने पुन्हा 6 लाखांचा टप्पा ओलांडला. आज लाइपझिगची तक्रार घरं मिळत नाहीत ही आहे, आणि पाडून टाकलेल्या घरांची काहींना हळहळ वाटते.

माणसं लोटलेली शहरं

दुसऱ्या टोकाला तिराना आणि उलानबातर. अल्बानियात एन्व्हर होक्सा यांच्या राजवटीत खासगी मोटार बाळगायला बंदी होती, आणि परवानगीशिवाय एका गावातून दुसऱ्या गावी राहायला जाता येत नसे. 1990 मध्ये अडीच लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या तिरानाची वेस उघडली आणि डोंगराळ भागातून माणसं लोटली. शहराबाहेर बाथोरेमध्ये सरकारी शेतीच्या जमिनीवर परवानगीशिवाय घरं उठली. शहरातली बाग टपऱ्यांनी भरली, लाना नदीचे काठ बेकायदा इमारतींनी गिळले. 2000 मध्ये महापौर झालेल्या एदी रामा या चित्रकाराने नदीकाठ मोकळा केला आणि करड्या इमारतींना नारिंगी, पिवळे, हिरवे भडक रंग दिले. जगभर त्याचं कौतुक झालं. आतून जिने आणि पाइप तसेच आहेत, अशी टीकाही झाली. दोन्हींत तथ्य होतं. रंगाने पाइप दुरुस्त होत नाहीत, पण इथे कुणाचं तरी लक्ष आहे, असा निरोप पहिल्यांदाच मिळाला. 2006 पासून सरकारने बेकायदा घरं नियमित करण्यासाठी स्वतंत्र यंत्रणाच उभारली.

मंगोलियाने नागरिकांना जमीनच वाटली. उलानबातरमध्ये माणशी 700 चौरस मीटरपर्यंत भूखंड फुकट. लागोपाठच्या जीवघेण्या हिवाळ्यांत गुरं गमावलेले पशुपालक शहरात आले, मिळालेल्या जागेवर त्यांनी कुंपण घालून आपला पारंपरिक तंबू ठोकला. शहराची वस्ती 1990 नंतर अडीचपटीहून अधिक झाली, आणि निम्म्याहून जास्त लोक अशा तंबूंच्या वस्त्यांत राहतात. सोव्हिएत काळातला मध्यभाग बॉयलरच्या उबेत, आणि भोवतालच्या टेकड्यांवर ना गटार ना गरम पाण्याची नळी. लाखाहून जास्त चुलींत कोळसा जळतो आणि हिवाळ्यात शहराची हवा जगातल्या सर्वांत घाणेरड्या हवेत गणली जाते. 2019 मध्ये कच्चा कोळसा जाळण्यावर बंदी घालून प्रक्रिया केलेल्या कोळशाच्या वड्या आणल्या गेल्या. जमिनीचा कागद देणं सोपं होतं, नळ पोचवणं अजून चालू आहे.

भाव परत आला

मॉस्कोत शेवटी जमिनीला भाव आला, तोही आभाळाला भिडणारा. त्याबरोबर शहराचा उफराटा आकार सुलटा व्हायला लागला. नदीकाठच्या ज्या ‘झिल’ कारखान्यात ट्रक आणि नेत्यांच्या लांबलचक मोटारी बनत, त्याच्या सुमारे 400 हेक्टर जागेवर आता उंची निवासी संकुलं उभी राहत आहेत. फेब्रुवारी 2016 मध्ये एका रात्रीत मेट्रो स्थानकांभोवतीची शंभरएक दुकानं बुलडोझरने पाडली गेली. अनेकांकडे मालकीची कागदपत्रं होती, ती कुणी पाहिली नाहीत. 2017 मध्ये पालिकेने पाच मजली जुन्या इमारती पाडून तिथे उंच इमारती बांधण्याचा कार्यक्रम जाहीर केला. 5,000 हून अधिक इमारती आणि सुमारे 10 लाख रहिवासी. दोन तृतीयांश रहिवाशांची संमती असली की इमारत यादीत. हजारो लोक निषेधाला रस्त्यावर आले. मुद्दा घराच्या दर्जाचा नव्हता, नवी घरं बरी असतील हे अनेकांना मान्य होतं. 1991 च्या कायद्याने मिळालेली मालकी खरी की नावापुरती, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

पस्तीस वर्षांच्या या अनुभवाचा निकाल आता लावता येतो. बाजार आला म्हणून शहरं आपोआप सुधारली नाहीत, आणि नियोजन गेलं म्हणून आपोआप बिघडलीही नाहीत. घराची मालकी एका कायद्याने, एका सहीने देता आली. जिना, गच्ची, नळी, गटार आणि हवा यांचा हिशोब ठेवणारी माणसं आणि संस्था घडवायला मात्र एक पिढी गेली. ज्या शहरांनी हे काम लवकर हाती घेतलं ती सावरली, मग ती श्रीमंत असोत वा नसोत. बाकीच्या ठिकाणी लोकांच्या खिशात मालकीचा कागद आहे आणि डोक्यावर गळकी गच्ची.

आपल्याकडे सोसायटीची वार्षिक सभा कोरमअभावी अर्धा तास तहकूब होते आणि मग मोजक्या डोक्यांत उरकली जाते. पुढच्या सभेची नोटीस लागेल तेव्हा ती नुसती वाचून पुढे जाऊ नका. सभेला जाऊन बसा.